कौलारू घर पाडायच्या आधी एक पावसाळा थांबा

राजापूर तालुक्यातलं आमचं घर पाडायचं, हे एका गणपतीत जवळजवळ ठरलं होतं. सगळे हिस्सेदार ओटीवर बसलेले, आढ्याजवळून ठिबकणारं पाणी मखरापासून हातभर लांब पडतंय, खाली पितळी परात ठेवलेली, आणि पुण्याचा चुलतभाऊ मोबाईलवर स्लॅबच्या बंगल्याचं चित्र सगळ्यांना फिरवून दाखवतोय. घर वाचलं ते कुणाच्या मायेमुळे नाही. स्लॅबच्या अंदाजखर्चाचा आकडा ऐकून सगळे गप्प झाले, म्हणून वाचलं.

मग ते दुरुस्त करण्याचं काम माझ्यावर आलं. त्यातला पहिला हंगाम मी उलट्या क्रमानं काम करण्यात वाया घालवला: आधी रंग, मग फरशीची चौकशी, आणि छप्पर "पुढच्या वर्षी बघू". हा लेख त्या क्रमाबद्दलच आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं, पन्नास-शंभर वर्षांचं घर कोकणात किंवा गोव्यात तुमच्या वाट्याला आलं असेल, तर काय आधी करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते इथे लिहिते आहे.

घर पावसात बघा

आमचे सुतारकाका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, घर उन्हात बघू नका. उन्हात सगळीच घरं बरी दिसतात." मी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या जुलैत आठ दिवस तिथे राहिले तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. ही घरं त्या पावसासाठीच बांधलेली आहेत. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, बाजूला किंवा मागे स्वयंपाकघर आणि पुन्हा मागची पडवी. म्हणजे मधल्या माजघराच्या भिंतीला पावसाचा थेंब कधी लागतच नाही. बाहेरच्या पडव्या झड अंगावर घेतात. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, तेही त्याचसाठी. या रचनेत कुणी पडवी बंद करून खोली केली असेल, कुणी वळचण कापून पत्रा जोडला असेल, तर गळतीचं मूळ बहुधा तिथेच सापडतं.

पावसात चार गोष्टी टिपून ठेवा. पाणी आत कुठे येतं, ती जागा खडूनं जमिनीवर खूण करून. वाशांवर आतून ओल कुठे दिसते, कारण ठिबकतं एकीकडे आणि आत शिरतं त्याच्या चार हात वर. पागोळीचं पाणी जमिनीवर पडून पुढे कुठे जातं. आणि भिंतीची ओल जमिनीपासून किती उंच चढते. ही शेवटची रेघ पेन्सिलीनं मारून तारीख घाला. मेमध्ये पुन्हा बघायची आहे.

भिंतीला भेग असेल तर तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चुन्यात किंवा सिमेंटात दोन्ही टोकांना चिकटवा. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही उलटूनही काच शाबूत असेल, तर भेग जुनी आहे आणि आता हलत नाही. काच तडकली तर भेग अजून हलते आहे, कदाचित पायापासून, आणि मग इंजिनिअर आणल्याशिवाय पुढचं एकही काम करू नका.

कागद

हे थोडक्यात. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा, काढा. घर अजून आजोबांच्या नावावर असेल, तर खर्च सुरू करण्याआधी हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, प्रेमाचे संबंध असले तरी. विशेषतः प्रेमाचे संबंध असले तर. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारपट्टीचे नियम बघावे लागतात. आणि आवारातला फणस किंवा साग तोडून वासे काढायचा बेत असेल, तर स्वतःच्या झाडालाही परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे.

आधी जमिनीवरचं पाणी

माझी आजी सांगायची, ओटीवर चढायला तीन पायऱ्या होत्या. मी लहानपणापासून दोनच बघितल्या आहेत. म्हातारपणी तिचा हिशेब चुकत असेल, असं आम्ही समजायचो. गटाराचा चर खणताना तिसरी पायरी सापडली, अख्खी, जांभ्याची, जमिनीखाली वीतभर.

कारण साधं आहे. दर वर्षी पाऊस सरला की खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, नवी माती टाकायची, चोपण्यानं चोपायची, वर सारवायचं. पन्नास-साठ वर्षं असं केलं की अंगण वर येतं आणि घराचं जोतं तेवढंच बुटकं होतं. मग पावसाळ्यात भिंत थेट ओल्या मातीत उभी राहते आणि आपण रंगवाल्याला दोष देतो.

म्हणून पहिलं काम फावड्याचं. घराच्या चारी बाजूंची वाढलेली माती मूळ पातळीपर्यंत काढा, पण हळूहळू, आणि पायाचा दगड दिसायला लागला की थांबा. पायाच्या खाली खणायचं नाही. जमिनीला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या. पागोळी जिथे पडते तिथे जांभ्याचे तुकडे किंवा नदीचे गोटे पसरा, म्हणजे चिखल उडून भिंतीवर बसणार नाही. त्याच्या पलीकडे चर, आणि चराचं तोंड खालच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, मोकळं. भिंतीला टेकून रचलेली लाकडं, जुने पत्रे, नारळाचा ढीग, सगळं हलवा. वाळवी तिथूनच चढते.

एवढंच केल्यावर पुढच्या पावसाळ्यात आमची पेन्सिलीची रेघ जवळजवळ फूटभर खाली आली. त्या भिंतीला तोवर हातसुद्धा लावला नव्हता.

छप्पर: सगळ्यात जास्त पैसा इथे

आमच्या एकूण खर्चाचा निम्मा भाग छपरावर गेला आणि तो बरोबर गेला. छप्पर धड असेल तर मातीची भिंतही शंभर वर्षं उभी राहते. गळत असेल तर चिरेबंदी भिंतही टिकत नाही.

ही चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं आपल्याला कोकणाइतकीच जुनी वाटतात. तशी ती नाहीत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरला जेप्पूत १८६५ मध्ये पहिला कारखाना काढला आणि तिथून ही कौलं किनाऱ्यानं वर आली. त्याआधी ऐपतीप्रमाणे कुंभाराची नळीची कौलं नाहीतर गवताचं छप्पर. आमच्या घराची कौलं उतरवली तेव्हा पाठीवर पाच वेगवेगळ्या कारखान्यांची नावं निघाली. बघायला मजा वाटते, पण गळतीचं एक कारण तेच होतं. दोन कारखान्यांच्या कौलांची खाच एकमेकांत नीट बसत नाही. वर्षानुवर्षं फुटलेल्या जागी मिळेल ते कौल घालत गेलो, की पाख, म्हणजे छपराची उतरती बाजू, अशी ठिगळांची होते.

काम मार्चच्या मध्यावर सुरू करा आणि १५ मेपर्यंत संपवा. वळवाचा पाऊस कुणाला विचारून येत नाही. ताडपत्री आधी आणा, मग कौलाला हात लावा. सांगाडा कमजोर असेल तर एका पाखेची सगळी कौलं एकदम उतरवू नका. एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, एकेकाचं वजन सव्वादोन-अडीच किलो. एक बाजू पूर्ण मोकळी केली की दुसऱ्या बाजूचं दीड-दोन टन वजन आढ्याला एकाच अंगानं रेटतं. दोन्ही बाजू वरून खाली, थोड्याथोड्या मोकळ्या करा.

उतरवलेलं प्रत्येक कौल हातात घेऊन बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत वाजलं तर चांगलं. भद्द वाजलं तर केसाएवढी चीर आहे, दिसो न दिसो. मग कारखान्याप्रमाणे ढीग लावा, ब्रशनं शेवाळ काढा (प्रेशरच्या पाण्यानं नको, वरचा थर उडतो), आणि एका कारखान्याची सगळी कौलं एका पाखेवर जातील असं बघा. आमची सत्तर टक्के कौलं परत वर गेली. उरलेल्यांसाठी नवी घेण्यापेक्षा आसपास पाडलेल्या घरांची जुनी विकत मिळतात, ती नमुना बरोबर नेऊन जुळवून घ्या.

रिपा, म्हणजे कौलं अडकवायच्या आडव्या लाकडी पट्ट्या, मारण्याआधी आठ-दहा कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवून मांडा आणि माप घ्या. अंतर साडेबारा इंचांच्या आसपास निघेल, पण "आसपास" या शब्दावर रीप मारू नका. अर्धा इंच चुकला की वीस ओळींत दहा इंच चुकतात. उतारही तपासा: आडव्या १२ इंचांना किमान ७ इंच उठाव हवाच, ८ असेल तर उत्तम. माळ्यावर डोकं लागतं म्हणून कुणी बाहेरची भिंत उंचावून उतार कमी केला असेल, तर तिथलं छप्पर कितीही कौलं बदलली तरी गळणार.

आता वाऱ्याचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत शिरलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत हजारो घरांची कौलं, पत्रे उडाले. नंतर कितीतरी जणांनी कौलं सोडून पत्रे घातले. पत्रा उन्हाळ्यात भट्टी, पावसात ढोल. वादळात उडाला की अख्खा उडतो आणि दुसऱ्याच्या घरावर पडतो. त्यापेक्षा वळचणीकडच्या दोन आणि आढ्याजवळच्या दोन ओळी तारेनं रिपांना बांधा. मंगलोरी कौलाच्या पाठीमागे त्यासाठी भोकाचा कान असतो, तो कुणी वापरत नाही. तार गंजणारी नको. वाशांची खालची टोकं भिंतीवरच्या आडव्या लाकडाला लोखंडी पट्टीनं आवळा. वारा छप्पर उचलतो तो पडवीच्या खालून, हे लक्षात ठेवलं की कुठे आवळायचं ते आपोआप कळतं.

काचेची कौलं एका खोलीला एक पुरे. मी माजघरावर चार घातली. मे महिन्यात तिथे दुपारी झोपता येत नाही.

लाकूड: सगळं बदलू नका

ठेकेदार "सगळे वासे गेलेत" असं म्हणेल. एकेक वासा स्वतः तपासा. हातोडीनं ठोका: भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. पाव इंचावर अडकला तर वासा शाबूत आहे, वरवरची किडलेली साल तासून टाका. मुठीपर्यंत गेला तर बदला. बहुतेक वाशांचं फक्त टोक कुजलेलं असतं, जिथे ते भिंतीवर टेकतं आणि वळचणीची ओल खातं. ते कापून तेवढाच नवा तुकडा, हातभर लांब तिरका सांधा देऊन, बोल्टनं जोडता येतो. आमच्या ४६ वाशांपैकी नऊ बदलले, चौदांना टोकं जोडली. खांबाचंही तसंच. खाली कुजलेला भाग कापायचा आणि तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, तेवढा उंच करायचा. खांबाला आधी जॅकचा टेकू द्यायला विसरू नका, हे सांगायची गरज नसावी, पण आमच्याकडे विसरले होते.

किडीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाण्यातलं द्रावण लाकूड कोरडं असताना दोन-तीनदा लावा. आमच्या गावात काजूबीच्या टरफलांचं तेल लावतात. वाळवी त्याला तोंड लावत नाही, पण कातडीवर उडालं तर फोड येतात. हातमोजे आणि जुने कपडे घाला.

एक गोष्ट मला उशिरा कळली. पूर्वी चुलीचा धूर रोज माळ्यावरून कौलांच्या फटींतून बाहेर जायचा आणि वासे काळे, कोरडे, किडीला नकोसे ठेवायचा. गॅस आला, मग माणसंही गेली, घर अकरा महिने बंद. बंद घर लवकर पडतं म्हणतात, त्यात भुताखेताचं काही नाही. हवा हलत नाही आणि धूर नाही. म्हणून माळ्याला दोन्ही टोकांना जाळी लावलेले झरोके ठेवा आणि घर बंद असतानाही ते उघडे राहू द्या.

भिंती: सिमेंटचा मोह

माझी सगळ्यात महाग चूक इथली. पहिल्या वर्षी पडवीच्या भिंतीला एका ठेकेदाराकडून सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर चकचकीत ऑइलपेंट. दोन पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे आले, ठोकलं तर डबडब वाजायला लागलं, आणि आतल्या बाजूला, जिथे कधीच ओल नव्हती तिथे, लोणा फुटला.

जांभा हा भोकाभोकांचा दगड. खाणीतून काढताना इतका मऊ, की कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि हवेत राहिला की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश संशोधकानं मलबारच्या प्रवासाबद्दलच्या १८०७ च्या पुस्तकात त्याला 'लॅटराइट' म्हटलं ते लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून, कारण लोक त्याच्या विटाच पाडत होते. हा दगड जमिनीतलं पाणी वर ओढतो आणि उन्हाळ्यात बाहेरच्या अंगानं सोडून देतो. सिमेंटनं ती बाजू बंद केली की पाणी आतल्या बाजूला जातं आणि जाताना क्षार घेऊन जातं. तोच लोणा.

म्हणून गिलावा चुन्याचा, किंवा गिलावा नाहीच: उघडा चिरा आणि चुन्यानं भरलेले दर्जे, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी. चुना असा करा. पिंपात अर्धं पाणी घ्या आणि त्यात कळीचा चुना थोडाथोडा टाका. उलट नाही, चुन्यावर पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं. डोळ्याला चष्मा हवाच. तीन आठवडे पाण्याखाली राहू दे, पानाच्या चुन्यासारखा मऊ होईल. एक भाग चुना, तीन भाग वाळू. न्हाणीघरासारख्या ओल्या जागी एक चुना, एक विटांची पूड म्हणजे सुरखी, आणि दोन वाळू. खाडीची वाळू गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय वापरू नका, नाहीतर लोणा आपणच विकत आणला.

भिंत आधी भिजवा. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, दुसरा थर आठवड्यानं. वर ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही आणि कडक ऊनही चालत नाही. दिवाळी ते होळी हा त्याचा हंगाम. म्हणजे क्रम असा बसतो: पहिला उन्हाळा छपराला, मधला पावसाळा छपराच्या परीक्षेला, आणि दिवाळीनंतर भिंती. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळणं कठीण आहे, हे खरं. आमचे गवंडी पंचाहत्तरीचे होते. ते खुर्चीवर बसून सांगायचे, नातू करायचा.

भिंतीला पोट सुटलं असेल तर ओळंबा लावून किती ते मोजा. थोडकं आणि स्थिर असेल तर दर्जे भरून भागतं. वाढत असेल तर तेवढा भाग चिरा मोजून, खुणा घालून उतरवून पुन्हा रचायचा.

जमीन, न्हाणी, वीज

व्हिट्रिफाइड टाइल्स जमिनीला घातल्या की खालची ओल भिंतींकडे वळते, सिमेंटच्या गिलाव्याचीच गोष्ट पुन्हा. आम्ही माजघर सारवलेलंच ठेवलं, ओटीला चुन्यात बसवलेली दगडी लादी, आणि स्वयंपाकघरात कोबा. संडास-न्हाणी मागच्या पडवीच्या टोकाला, स्वतंत्र विटांच्या भिंतीची, जुन्या भिंतीत एकही पाइप न घुसवता. शोषखड्डा विहिरीपासून १५ मीटर तरी लांब आणि विहिरीपेक्षा उताराच्या खालच्या बाजूला. जांभ्यातल्या भेगांतून घाण लांबवर जाते, म्हणून जागा असेल तर आणखी लांब न्या. वीज बाहेरून पट्टीतून फिरवा, भिंत फोडून नाही, आणि ओल्या मुलखात गळतीचा करंट तोडणारा स्विच बसवल्याशिवाय मीटर चालू करू नका.

पन्हळ लावायची असेल तर हिशेब करून बघा. १०० चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. त्यातलं उडालेलं, वाहिलेलं सोडून दोन-सव्वादोन लाख तरी हाती लागतं. पहिले काही पाऊस कौलं धुऊ द्या, नंतरचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून विहिरीकडे. आमच्या विहिरीला मेमध्ये आता परस बुडेल एवढं पाणी असतं, पण त्यात शेजारच्यांनी बोअर बंद केल्याचा वाटा किती, ते मी सांगू शकत नाही.

पाडावंच लागलं तर

कधी कधी लागतं. पाया खचला असेल, काच पुन्हा पुन्हा तडकत असेल, तर हट्ट नको. पण जेसीबी लावू नका. चिरे, दारं, खांब, कौलं हातानं उतरवली तर नव्या घराचा बराच माल तिथेच मिळतो. फुटकी मंगलोरी कौलंही स्लॅबमध्ये खालच्या भागात भराव म्हणून घालता येतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुळवली: कौलं जेवढी जागा घेतात तेवढं काँक्रीट वाचतं आणि खोलीही जरा थंड राहते. नवं घर जुन्या मांडणीवर कसं बसवता येतं, याची कल्पना हवी असेल तर गोव्यात तोर्डाला वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी उभं केलेलं गोव्याच्या घरांचं संग्रहालय एकदा बघून या.

दर वर्षी

एप्रिलच्या शेवटी एक दिवस सुतार आणि एक गडी. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली परतायची, पन्हळीतला पाला काढायचा, चर मोकळा करायचा. पावसाळ्यानंतर वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधत घराभोवती एक फेरी. खळ्यात नवी माती टाकायची असेल तर आधी तेवढीच जुनी काढायची, तिसरी पायरी दिसत राहिली पाहिजे. आणि जुळणारी शंभर-दीडशे कौलं गोठ्यात ठेवा, उभी, भिंतीला टेकवून. आडवी रचली की खालची आधी फुटतात, आणि जुलैत नेमकी तीच हवी असतात.